घरी लायपो चार्ज करताना: घमेलं, कोरडी वाळू आणि चार्जरला सांगायच्या तीन गोष्टी

समोर कुठली बॅटरी जोडली आहे हे चार्जरला स्वतःहून पुरतं कळत नाही. बटणं दाबून तुम्ही जे सांगाल ते तो खरं धरतो आणि करंट ढकलत राहतो. घरात लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, पेटते ती बहुधा ठरलेल्या कारणांनी: मोड चुकला, सेलची संख्या चुकली, फुगलेला पॅक ‘बघू या एकदा’ म्हणून लावला, किंवा रिमोटचं विमान आदळून मुका मार बसलेला पॅक त्याच संध्याकाळी चार्जिंगला टाकला. यातलं काही घडलं आणि खोलीत कुणी जागं असलं, तर नुकसान एका पॅकवर निभावतं. कुणी नसलं तर पडदा, गादी, कपाट असं करत आग पुढे सरकते.

खाली उदाहरणासाठी सगळीकडे एकच पॅक धरला आहे: ३एस, ११.१ व्होल्ट, २२०० एमएएच (मिलिअँपियर-तास, म्हणजे पॅकची क्षमता). कॉलेजच्या रोबोटिक्स टीमपासून थर्माकोलच्या विमानापर्यंत हाच जास्त दिसतो. तुमचा पॅक वेगळा असेल तर आकडे त्या हिशेबानं बदला, पद्धत तीच.

लेबल वाचायचं कसं

३एस म्हणजे तीन सेल सिरीजमध्ये. लायपोचा एक सेल नावाला ३.७ व्होल्टचा असतो, पूर्ण भरल्यावर ४.२० चा. म्हणजे तीन सेलचा पॅक भरला की १२.६ व्होल्ट. वापरून ठेवल्यावर एका सेलचं व्होल्टेज ३.५ च्या खाली जाऊ देऊ नये, आणि लोडवर असतानाही ३.० च्या खाली अजिबात नाही. ४.२० च्या वर नेणं हे त्याहून वाईट, कारण तिथून सेलच्या आत गॅस व्हायला लागतो आणि तापमान स्वतःच स्वतःला वाढवत नेतं.

लेबलवर मोठ्या अक्षरात ‘२५सी’, ‘४०सी’ असं छापलेलं असतं ते पॅक किती वेगानं रिकामा करता येईल त्याबद्दल. चार्जिंगशी त्याचा संबंध नाही. नवीन मुलांची गफलत इथेच होते. चार्जिंगसाठी १सी धरायचं: एमएएचला हजारानं भागलं की अँपियर. २२०० चा पॅक २.२ अँपियरवर, ८५० चा ०.८ वर, ५००० चा ५ वर. काही पॅकवर ‘५सी पर्यंत चार्ज करा’ अशी परवानगी दिलेली असते. मैदानात घाई असेल तर ती ठीक, घरी कशाला? १सीवर रिकामा पॅक तासाभरात, फार तर सव्वा तासात भरतो.

पॅकला दोन जोडण्या असतात. जाड लाल-काळ्या वायरीचा पिवळा एक्सटी-६०, आणि बारीक वायरींचा पांढरा बॅलन्स प्लग, ज्यातून प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो. बॅलन्स प्लगमध्ये सेलच्या संख्येपेक्षा एक वायर जास्त असते. लेबल फाटलं असेल तर वायरी मोजा: चार वायरी म्हणजे तीन सेल.

लेबलवर ‘एचव्ही’ (हाय व्होल्टेज) असेल तर तो सेल ४.३५ व्होल्टपर्यंत जातो. साध्या लायपोला ती सेटिंग लावली तर पॅक गेलाच. ‘लायफे’ (लिथियम-आयर्न फॉस्फेट) असेल तर तो ३.६ च्या आसपास भरतो, त्याला लायपोचा मोड चालत नाही. चार्जरच्या मेनूत ही सगळी नावं एकाखाली एक असतात आणि एक बटण जास्त दाबलं गेलं की नाव बदलतं, म्हणून ही उजळणी.

जागा

पेठांमधल्या जुन्या घरांत माडीला लाकडी तक्तपोशी असते. तिथे चार्जिंग नको, खाली कितीही जाड सतरंजी घातली तरी नको. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी तापमान असं चढतं की बॅटरी आधीच गरम असते. लायपो ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. तेव्हा उन्हाळ्यात सकाळची वेळ धरा. जिन्यातही नको, कारण काही झालं तर बाहेर पळायची वाट तीच असते.

स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा पेटत नाही हे खरं, पण त्याच्या खाली गॅसचा सिलिंडर असतो. फ्लॅटमधली गॅलरी चांगली, फक्त वर वाळत घातलेल्या नायलॉनच्या साड्या आणि पावसाची झड बघून. सगळ्यांत उत्तम म्हणजे शहाबादी फरशीचा सोपा किंवा अंगणाकडेची पडवी: वर काही लटकत नाही, धूर कोंडत नाही, आणि दोन मीटरच्या आत रद्दी, गादी, पेट्रोलची गाडी यांतलं काही नाही.

फरशीवर एक लोखंडी घमेलं ठेवा. त्यात चार बोटं कोरडी वाळू पसरा, वाळूवर एक कौल किंवा टाइलचा तुकडा ठेवा आणि त्यावर पॅक. घमेल्याच्या पत्र्याला पॅकची वायर किंवा प्लग टेकता कामा नये. घमेलं नसेल तर मातीची मोठी कुंडी चालते. वर घट्ट झाकण लावू नका. लायपो पेटली की गॅस इतक्या जोरात सुटतो की बंद डब्याचा बॉम्ब होतो. बाजारात मिळणारी लायपो बॅग वापरायची असेल तर वापरा, पण ती ज्वाळा अडवून वेळ मिळवून देते, आग थोपवत नाही. बॅगेत घातलेला पॅकही घमेल्यातच.

वाळूबद्दल इथे थोडं जास्त सांगावं लागतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या भागात फाउंड्र्या असल्यामुळे कोल्हापुरात ओळखीनं वाळू मिळणं अवघड नाही. पण मोल्डिंगची काळी वाळू आणू नका. तिच्यात बेंटोनाइट, पाणी आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते, म्हणजे आग विझवायला जळणारं सामान ठेवल्यासारखं. कोअरसाठी रेझिन लावलेली वाळूही नको. कोरी सिलिका वाळू असेल तर ती घ्या. नाहीतर बांधकामाची वाळू चाळून, दोन दिवस गच्चीवर उन्हात घालून डब्यात भरून ठेवा. पावसाळ्यात हा डबा झाकणाचा हवा. ओली वाळू वायरींमधून करंट नेते आणि गरम पॅकवर पडली तर वाफ उडवते. चार्जिंग चालू असताना घमेल्याशेजारी असा चार-पाच किलोंचा डबा झाकण उघडून ठेवायचा, आणि पाण्यानं भरलेली एक बादली.

चार्जर घमेल्याबाहेर, सपाट फरशीवर. त्याच्या पंख्याची जाळी मोकळी हवी. भिंतीवरचा स्विच असा हवा की तो बंद करायला घमेल्यावरून हात न्यावा लागणार नाही. ही गोष्ट जागा ठरवतानाच बघायची, धूर निघाल्यावर ते सुचत नाही.

जोडण्याआधी दोन मिनिटं

पॅक हातात घेऊन चारही बाजूंनी बघा. कडा सरळ हव्यात. अंगठ्यानं हलकं दाबून उशीसारखा लागत असेल तर तो चार्जिंगला जात नाही. वेष्टन फाटलेलं, कोपरा दबलेला, बॅलन्स वायर सोललेली, हेही तसंच. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर आतलं रसायन गळतंय. पॅक लगेच बाहेर उघड्यावर ठेवा.

मग प्रत्येक सेल मोजा. बॅलन्स प्लगला लावायचा सेल चेकर स्वस्तात मिळतो आणि तोच बरा. मल्टिमीटरनं मोजायचं तर लगतच्या दोन पिनांमध्ये, पण या पिनांत अंतर फक्त अडीच मिलिमीटर असतं. मीटरची टोकं एकमेकांना लागली की तिथेच ठिणगी पडते आणि वायर जळते.

तीन सेल ३.७१, ३.७२, ३.७० असे आले तर उत्तम. ०.०५ व्होल्टपर्यंतचा फरक चार्जर निस्तरतो. ०.१ च्या वर फरक असेल तर करंट निम्मा करा, १.१ अँपियर, आणि मागे पडलेला सेल वर येतोय का ते बघत बसा. दर वेळी तोच सेल मागे पडत असेल तर पॅक म्हातारा झाला. एखादा सेल ३.० च्या खाली असेल तर चार्जर ‘लो व्होल्टेज’ म्हणून नकार देईल, आणि तो नकार ऐकायचा असतो. अशा सेलला चार्जरच्या निकेल बॅटरीसाठीच्या मोडवर ‘जागं’ करायचे व्हिडिओ खूप फिरतात. फार खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी साचतं, त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो. आज पॅक जागा होतो, आग नंतर कधीतरी लागते.

उडवून आल्या आल्या गरम पॅक लावू नका. हाताला गार लागेपर्यंत अर्धा तास जाऊ द्या.

जोडणी आणि सेटिंग

क्रम महत्त्वाचा आहे. आधी चार्जरला वीज द्या. मग चार्जिंग वायरीच्या लाल-काळ्या बनाना पिना चार्जरमध्ये खोचा. त्यानंतर पॅकचा एक्सटी-६०, आणि शेवटी बॅलन्स प्लग. काढताना बरोबर उलटं.

कारण असं: वायर आधी पॅकला जोडली तर तिच्या दुसऱ्या टोकाच्या दोन उघड्या पिना मोकळ्या लोंबतात. त्या एकमेकींना टेकल्या की मध्ये अडवायला काही नसतं. हाच तळहाताएवढा पॅक त्या क्षणी शंभर अँपियरच्या वर करंट सोडू शकतो. पिना जागीच एकमेकींना चिकटतात, वायरीचं आवरण वितळून धूर येतो आणि ओढून सोडवायला जावं तर बोटं भाजतात. हे सगळं टाळायला एवढंच करायचं असतं की पिना आधी चार्जरमध्ये असाव्यात.

आता मेनू. आयमॅक्स बी६ किंवा त्याच्यासारखा चार्जर धरून चाललो तर चार बटणं आणि दोन ओळींचा निळा पडदा असतो. चार्जरला तीन गोष्टी सांगायच्या.

पहिली, प्रकार आणि मोड: लायपो, आणि त्यात ‘बॅलन्स’. साधा ‘चार्ज’ नाही, ‘फास्ट’ नाही. साध्या मोडमध्ये चार्जर एकूण १२.६ व्होल्ट बघतो. एक सेल ४.०५, दुसरा ४.२०, तिसरा ४.३५ असेल तरी बेरीज १२.६ च येते, आणि त्याच्या लेखी सगळं ठीक असतं. बॅलन्समध्ये तो प्रत्येक सेल वेगळा बघतो.

दुसरी, करंट: २.२ अँपियर. चार्जर मागच्या वेळची सेटिंग लक्षात ठेवतो. काल ५००० चा पॅक लावला असेल तर आज पडद्यावर ५.० दिसेल. हा आकडा दर वेळी वाचायचा.

तिसरी, सेल: ११.१ व्होल्ट, ३एस.

स्टार्टचं बटण साधारण तीन सेकंद दाबून धरलं की चार्जर पॅक तपासतो आणि पडद्यावर दोन आकडे शेजारी दाखवतो. ‘आर’पुढचा आकडा म्हणजे त्याला सापडलेले सेल, ‘एस’पुढचा म्हणजे तुम्ही सांगितलेले. दोन्हीकडे ३ दिसले तरच पुढे एंटर. फरक असेल तर थांबा, सगळं काढा, पुन्हा सुरुवात करा. इथे ‘असेल काहीतरी’ म्हणून एंटर दाबणं म्हणजे चार्जरनं दिलेली तंबी उडवून लावणं.

‘कनेक्शन ब्रेक’ आलं तर बहुधा एक्सटी-६० अर्धवट बसलेला असतो. बॅलन्सची तक्रार आली तर पांढरा प्लग एक घर सरकून बसलाय का ते बघा. पावसाळ्यात या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर येतो, तोही कारण असतो.

एकदाच करून ठेवायची दोन कामं सेटिंगमध्ये आहेत. सेफ्टी टायमर आधीपासून १२० मिनिटांवर असतो, तो ९० वर आणा. कपॅसिटी कट-ऑफ, म्हणजे किती एमएएच आत गेल्यावर थांबायचं तो आकडा, ५००० वर असतो. २२०० च्या पॅकसाठी २४०० करा. सेल बिघडून चार्ज कधीच पूर्ण होत नसेल तर हे दोन कुलपांसारखे मध्ये येतात. मोठा पॅक लावताना मात्र कट-ऑफ परत वाढवायला विसराल, मग तो अर्धवट भरून थांबेल. ते परवडलं.

निकेलच्या मोडबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यांत वाईट चूक तीच. निकेल-मेटल हायड्राइडच्या बॅटरीचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर किंचित खाली येतं. चार्जर त्या उताराची वाट बघतो आणि तो दिसला की थांबतो. लायपोत तसा उतार येतच नाही. त्या मोडवर लायपो लावली तर चार्जर ४.२० ओलांडून ४.५, ४.८ असा वाट बघतच ढकलत राहतो, जोवर पॅक फुटत नाही तोवर.

चार्जिंग चालू असताना

पहिल्या मिनिटात पडद्यावरचं व्होल्टेज हळूहळू चढायला हवं. एकदम उडी मारली तर थांबवा. दहा मिनिटांनी पॅकला हात लावा. १सीवर लायपो जवळजवळ गारच राहते. तळहातापेक्षा गरम लागली तर काहीतरी बिनसलंय, स्विच बंद. निकेलची बॅटरी शेवटी कोमट होते ते चालतं, लायपोला ती सवलत नाही.

सेल ४.२० ला पोचले की करंट आपोआप उतरायला लागतो: २.२ वरून १.५, ०.८, ०.३. शेवटची पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. पॅक त्या वेळात खरा भरत आणि बरोबरीला येत असतो. तरी घाईच असेल तर काढून घ्या, नव्वद टक्क्यांच्या वर भरलेला असतोच. त्यानं बॅटरीचं काही बिघडत नाही.

संपल्यावर चार्जर किती एमएएच आत गेले ते दाखवतो. वहीत तारखेसह लिहून ठेवा. २२०० च्या पॅकमध्ये १७६० पेक्षा जास्त जात असतील तर तुम्ही तो ८० टक्क्यांच्या पुढे रिकामा करताय. उडवायचा वेळ मिनिटभर कमी करा. नवीन चार्जरवर पहिल्या दोन-तीन चार्जनंतर सेल मल्टिमीटरनं पडताळून बघा. बी६ च्या नकला भरपूर आहेत आणि काहींचं मोजमाप सरकलेलं असतं. ४.१९ ते ४.२१ ठीक. ४.२५ आलं तर तो चार्जर बाजूला ठेवा, स्वस्तात पडला होता हे विसरून.

आणि उठायचं नाही. ‘कोपऱ्यावरून दूध घेऊन आलोच’ हेसुद्धा नाही. जावंच लागलं तर चार्जर थांबवून, पॅक काढून जा. रात्री लावून झोपणं हा प्रकार लायपोच्या बाबतीत नसतो.

एका चार्जरवर पॅरलल बोर्ड (पॅक शेजारी-शेजारी समांतर जोडणारी पट्टी) लावून चार-पाच पॅक एकदम भरण्याची पद्धत आहे. सेलसंख्या सारखी, प्रत्येक सेलमधला फरक ०.१ व्होल्टच्या आत आणि बोर्डाला फ्यूज, एवढं सगळं जमलं तरच. सुरुवातीचं वर्षभर त्या वाटेला जाऊ नका.

लाइट गेली तर

वळवाच्या पावसात हे व्हायचंच. बी६ सारखा चार्जर लाइट परत आल्यावर पुन्हा पहिल्या पडद्यावर येतो, चार्जिंग आपोआप पुढे चालू करत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण पॅक जोडलेला राहू देऊ नका. बंद चार्जरच्या बॅलन्स पोर्टमधून सेल हळूहळू आणि असमान रिकामे होत राहतात. विसरून चार दिवस गेले की पॅक संपला.

मैदानावर हा चार्जर गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवता येतो. घरी मात्र इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीला थेट चिमटे लावू नका. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि कोपऱ्यातल्या ट्रॉलीभोवती तो साचतो. चिमटा लावताना उडणारी बारीक ठिणगी तिथे पुरते.

पावसाळ्यातली बॅटरी

जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे उडवायला फारसं मिळत नाही. पॅक मेच्या शेवटी भरलेले असतात आणि कपाटात तसेच पडून राहतात. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये आतलं रसायन सावकाश सडत असतं, उष्म्यात आणखी लवकर. ऑक्टोबरात कपाट उघडलं की पॅक पुरीसारखे टम्म. मग दोष कंपनीला.

दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. चार्जरमधला ‘स्टोरेज’ मोड तेच करतो. रिकामा पॅक असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. भरलेला असेल तर मात्र बी६ ची रिकामं करायची ताकद फक्त ५ वॉट आहे. आपल्या पॅकमध्ये भरल्यावर सुमारे २४ वॉट-तास असतात आणि त्यातले निम्म्याहून थोडे जास्त काढायचे, म्हणजे अडीच तास. लोक इथेच कंटाळून झोपायला जातात.

त्यापेक्षा मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब एक्सटी-६० ला झाळून घ्या. हा साधारण पावणेदोन अँपियर घेतो आणि चाळीसेक मिनिटांत काम संपवतो. बॅलन्स प्लगला लो व्होल्टेजचा बझर लावून ३.८ वर ठेवा; कर्णा वाजला की बल्ब काढायचा. काच चांगलीच तापते, म्हणून बल्ब फरशीवर, प्लास्टिकवर नाही. बझर न लावता बल्ब ठेवला तर तो पॅक शून्यापर्यंत पिऊन टाकतो.

ठेवताना पॅक पत्र्याच्या डब्यात, झाकण सैल, मध्ये सिलिका जेलची पुडी, प्लगांना टोप्या. पत्र्याला आतून पुठ्ठा लावा. महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा. एखादा सेल इतरांपेक्षा लवकर उतरत असेल तर तो कळण्याची हीच वेळ.

बारक्या बॅटऱ्या

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये टीपी४०५६ चं निळं चार्जिंग मॉड्यूल सर्रास असतं. ते फक्त एका सेलसाठी आहे, सिरीजमधल्या दोन सेलना ते लावता येत नाही. दुकानातून येतं तेव्हा ते १ अँपियरवर सेट असतं, आणि ५०० एमएएचच्या बारक्या ड्रोनच्या सेलला तो करंट दुप्पट होतो. मॉड्यूलवर ‘१२२’ लिहिलेला मोहरीएवढा रेझिस्टर दिसेल, म्हणजे १.२ किलोओहम. तो काढून २ किलोओहमचा लावला तर करंट ५८० मिलिअँपियर, ३ चा लावला तर ४००, ५ चा लावला तर २५०. आयसी हाताला चटका देण्याइतकी तापते, तिच्यावर सेल चिकटवू नका.

नळीसारख्या गोल १८६५० लिथियम सेलवर ‘९८०० एमएएच’ छापलेलं असेल तर तो खोटा. या मापाचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात.

महाद्वार रोडवर घेतलेल्या खेळण्यातल्या गाडीत बहुधा ४.८ व्होल्ट, ७०० एमएएचचा निकेल पॅक असतो. सोबतच्या साध्या चार्जरला कळत नाही बॅटरी कधी भरली ते, म्हणून घड्याळ लावायचं. क्षमता गुणिले १.४ भागिले चार्जरचा करंट: ७०० चा पॅक आणि २५० मिलिअँपियर चार्जर, म्हणजे चार तास. चार तासांनी पिन काढा.

पेटलीच तर

पॅक फुगताना किंवा सळसळताना दिसला तर आधी भिंतीवरचा स्विच. प्लग ओढायला हात घमेल्यात घालू नका. पांढरा धूर सुरू झाला की काही सेकंदांत ज्वाळा येतात आणि एका सेलचं झालं की शेजारचा घेतो, म्हणून एकदा विझल्यासारखं वाटलं तरी थांबा. तो धूर विषारी असतो. लहान मुलं, म्हातारी माणसं बाहेर, दारं-खिडक्या उघड्या. डब्यातली वाळू वरून ओता. लायपो पाण्यानं भडकते हा गैरसमज आहे. एवढ्या पॅकला बादलीभर पाणी गार करायला उपयोगीच पडतं, फक्त आधी वीज बंद झालेली हवी. आग विझवायच्या नळकांड्यातल्या पावडरचा फवारा आजूबाजूच्या वस्तू विझवतो, सेल गार करत नाही. आग घमेल्याबाहेर गेली तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा. विझलेला पॅक दिवसभर उघड्यावर फरशीवर राहू द्या, तो परत पेटू शकतो.

टाकून देताना

फुगलेला किंवा आदळलेला पॅक घंटागाडीत जात नाही. कचरा दाबताना तो चिरडला की गाडी पेटते. आधी मोकळ्या जागी, घमेल्यातच, तो २१ वॉटचा बल्ब लावून ठेवा आणि बल्ब विझल्यावरही काही तास तसाच जोडलेला राहू द्या. प्रत्येक सेल शून्याजवळ आला का ते मोजा. फाटलेल्या किंवा गळणाऱ्या पॅकला हे करू नका, तो वाळूत पुरून तसाच द्यायचा. मिठाच्या पाण्यात बुडवायची जुनी पद्धत भरवशाची नाही: पाणी आधी सेलच्या पत्तीचे सांधे खातं, जोडणी तुटते आणि सेल आत भरलेलाच राहतो.

मग प्लग एक-एक करून कापा. दोन्ही वायरी एकाच कात्रीच्या तोंडात धरल्या तर कात्रीच शॉर्ट करते. टोकांना चिकटपट्टी, पॅक वाळूच्या डब्यात, आणि डबा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी आहे, तेव्हा जिथून विकत घेतला तिथे आधी विचारा. डब्यावर ‘खराब लायपो’ असं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी चांगला डबा दिसतोय म्हणून वाळू ओतून देईल.